मामा आणि भाचा, दोघांचाही कबुलीजबाब न मानण्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक (प्रशिक्षण व सुरक्षा),
दर्यासागर बर्फ व शीतगृह कंपनी,
मुख्य कचेरी, मुंबई.

अर्जदार : श्रीमती गोदू बाळाजी थळे, वय कागदावर अठ्ठ्याहत्तर, राहणार बर्फ कारखान्याच्या मागची वाडी, रेवस, तालुका अलिबाग, जिल्हा रायगड.

विषय : येत्या सोमवारच्या चौकशीत श्री. शिवदास बाळाजी थळे आणि श्री. कुलदीप घरत हे दोघेही "चूक माझीच" असं आपल्यासमोर सांगतील, ते दोघांचंही खरं न धरण्याबाबत.

संदर्भ : आपल्या कचेरीकडून कुलदीपला आलेली नोटीस. जावक क्रमांक वाचता येत नाही, कारण सुनेने रागाने त्या कागदावर आमटीचं पातेलं ठेवलं होतं.

महोदय,

सविनय अर्ज करण्यास कारण की, उपरोक्त शिवदास, ज्याचा पाय आपल्या कारखान्यात मोडला, तो अर्जदाराचा मुलगा आहे. आणि उपरोक्त कुलदीप, ज्याच्यावर त्या पायाचा ठपका आहे आणि ज्याची सुपरवायझरची जागा सोमवारी जाणार असं सगळा रेवस बोलतोय, तो अर्जदाराच्या मुलीचा मुलगा आहे. म्हणजे चौकशीच्या टेबलाच्या दोन्ही अंगांना अर्जदाराचीच माणसं बसणार. कुलदीपची आई लवकर गेली, तो आजोळीच वाढला. मामाने त्याला पाठीवर घेऊन खाडीत पोहायला शिकवलं आणि मोठा झाल्यावर बर्फाच्या कारखान्यातही मामानेच चिकटवला. आज आतल्या खोलीत मामाचा पाय प्लास्टरमध्ये आहे, आणि पडवीत भाचा असा बसलाय की प्लास्टर त्याच्या तोंडाला घातलंय असं वाटावं. मधल्या घरात अर्जदार. दोन्हीकडे चहा तीच नेते.

हा अर्ज अर्जदार सांगते आहे आणि कुलदीपची बायको क्रांती लिहिते आहे. क्रांती म्हणाली, "आजी, अर्जात मी-मी करायचं न्हाय, अर्जदार म्हणायचं." म्हणून अर्जदार. ती असंही म्हणाली की, "तुझ्या गोष्टी यात घुसडू नको, साहेब खरं तेही खोटं समजतील." अर्जदार थापाडी आहे हे रेवसपासून किहीमपर्यंत कोणीही सांगेल. पण साहेब, थाप मोठी असते, लांबून दिसते. खाली जे बारीक आणि कंटाळवाणं लिहिलंय ते खरं समजावं.

१. प्रथम काम कसं चालतं ते नमूद करते, कारण मुंबईच्या कचेरीत बर्फ बहुधा ग्लासातच भेटत असेल. इथं तो माणसाएवढा असतो. खाऱ्या पाण्याच्या टाकीत पत्र्याचे डबे बुडवून बर्फ धरवतात. चेनने डबा वर उचलून उलटा केला की लादी निघते आणि लाकडी घसरगुंडीवरून खाली येते. खालचा माणूस तिला लोखंडी आकड्याने ओढून फोडायच्या मशीनला लावतो, तिथून बर्फ होड्यांत. मे महिन्यात, मासेमारीच्या पावसाळी बंदीच्या आधी, होड्या रांग लावून असतात आणि लाद्यांना उसंत नसते. एकदा घसरगुंडीवर सुटलेली लादी कोणाच्या बापाचं ऐकत नाही. म्हणून कारखाना उभा राहिला तेव्हापासूनची रीत अशी की, खालचा माणूस मोकळा झाला की "सोऽड" अशी हाक देतो, वरचा "आलीऽ" अशी ओ देतो, आणि मगच लादी सुटते. खालून हाक देणारा शिवदास. मध्ये चेनपाशी उभा राहून दोन्हीकडे डोळा ठेवणारा कुलदीप.

या कुलदीपचा आवाज. त्याने एकदा चेनवाल्याला नुसतं "थांब" म्हटलं, तर धक्क्यावरून सुटलेली मुंबईची लाँच खाडीच्या मध्यावर थांबली आणि खलाशी विचारायला लागला, कोण राहिलं. मांडव्याचे कावळे त्या दिवशी उडाले ते किहीमच्या माडांवर जाऊन बसले, ते अजून परत आले नाहीत. पण त्या आवाजात राग नसायचा, नुसती लांबी असायची. मामालाही तो तसाच ओरडायचा, आणि मामा घरी येऊन अभिमानाने सांगायचा, "आये, आज भाच्याने मना अशी हाक मारली की माझी टोपी फिरली."

२. दिवाळीनंतर कंपनीने सगळ्या सुपरवायझरना मुंबईत शिकायला बोलावलं. शिकायचं काय, तर सुपरवायझरने हुकूम सोडायचे नाहीत. हाताखालच्या माणसांना प्रश्न विचारायचे आणि काम सुधारायच्या युक्त्या त्यांच्याच तोंडून काढायच्या. आज थोडी, उद्या थोडी, कायमची. शिकवणाऱ्या बाई हेतल मॅडम. त्यांच्याबद्दल अर्जदाराची काहीही तक्रार नाही. शिकवणंही चांगलं आहे, असं अर्जदाराचं मत आहे. नवऱ्याने बायकोला एकदा तरी "तुला काय वाटतं" असं विचारावं याची अर्जदाराने स्वतः फार वर्षं वाट पाहिली होती.

पण कुलदीप कोणतीही गोष्ट अर्धी करत नाही. परत आल्यावर त्याने घरातच सराव सुरू केला.

"आजी, आमटी खारट झाली. का झाली असेल?"

"मीठ जास्त पडलं."

"का पडलं?"

"हात जड झाला."

"का झाला?"

"तुझी मामी माझ्याशी बोलत होती."

"का बोलत होती?"

तेव्हा आतून अर्जदाराची सून मैना, म्हणजे शिवदासची बायको, म्हणाली, "भाचेबुवा, अजून एक का विचारलात तर उद्यापासून आमटी तुम्हीच घालायची. सुधारणा आपोआप व्हईल."

तेव्हा सगळे हसले होते. हे मुद्दाम लिहवून घेतलं, कारण त्यानंतर या घरात कोणी हसलेलं नाही.

३. कारखान्यात फळा लागला. ज्याला जी सुधारणा सुचेल ती त्याने चिठ्ठीवर लिहून, खाली नाव घालून तिथं टोचायची. दर आठवड्याला निदान एक चिठ्ठी, आणि फळ्याचा फोटो मुंबईला. आता साहेब, इथं आपल्या कचेरीची एक चूक झाली. ती मुद्दाम केलेली नाही, पण झाली.

पाळीतली सगळी माणसं एका भावकीतली, नाहीतर सोयरिकीतली आहेत. वर डबा उलटणारा अर्जदाराच्या धाकट्या दिराचा नातू. टाकीवर व्याही. मशीनवर शिवदासचा साडू. आपल्याकडे "इथं काय चुकतंय" असं विचारलं की लोक कामाकडे बघत असतील. आमच्याकडे माणसाकडे बघतात. चेन उशिरा ओढली जाते असं कोणी म्हणालं तर ते चेनबद्दल नसतं, ते चेन ओढणाऱ्याबद्दल असतं, त्याच्या बापाबद्दल असतं, आणि त्याचं उत्तर पुढच्या लग्नात पंगतीला मिळतं. पहिल्याच आठवड्यात साडूने भाबडेपणाने चिठ्ठी टोचली की टाकीपाशी पाणी सांडलेलं असतं, ते पुसलं जावं. टाकी व्याह्यांची. साडूच्या मुलीच्या साखरपुड्याला त्यांच्या घरून कोणी आलं नाही. त्यानंतर फळा कोराच राहिला.

कुलदीप रोज प्रत्येकापुढे उभा राहायचा, मॅडमनी शिकवलं तसं वाकून, आवाज खाली घेऊन. "काका, तुम्हाला काय वाटतं? इथं काय बरं करता येईल?" काका म्हणायचे, "सगळं बरं हाय बाबा." दुसरा म्हणायचा, "तू आलास ना, मग बरंच हाय." एक जण घाबरून म्हणाला, "मी काय केलं रं?" इकडं फोनवरच्या कंपनीच्या ग्रुपात इतर कारखान्यांचे फळे यायला लागले, लाल-पिवळ्या चिठ्ठ्यांनी भरलेले, जणू देवळाबाहेरचा फुलवाला. आणि रेवसच्या फळ्याखाली मुंबईहून प्रश्न, की टीमला बोलतं करण्यात सुपरवायझर कमी पडतो आहे का? कुलदीपचं जेवण कमी झालं. तोंडातला घास तिथंच राहायचा.

४. तेव्हा शिवदासने चिठ्ठी टोचली.

ही गोष्ट नोटिशीत नाही. कारखान्यात सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणी तोंडातून काढत नाही. अर्जदार काढते आहे, आणि हे वाचून मुलगा तिच्याशी बोलायचा बंद होईल याची तिला पूर्ण कल्पना आहे.

चिठ्ठीत लिहिलं होतं की, खालून ओरडून हाक देण्यापेक्षा हिरवा दिवा लावावा. खालच्याने खटका दाबला की वर दिवा पेटेल, मग लादी सोडायची. गोंगाट कमी. खाली सही, शिवदास थळे. घरी अर्जदाराने विचारलं, "हे काय नवीन?" तर म्हणाला, "आये, पोर रोज माझ्यापुढं हात जोडल्यागत उभा ऱ्हातो. काहीतरी सुचवायला पायजे. दुसऱ्या कोणाच्या कामात बोट घातलं तर भांडण. हाक माझी, घसा माझा. त्यात कोणाचं काय जातं?"

साहेब, त्या अख्ख्या शेडमध्ये ज्यात खोट काढली तर दुसऱ्या कोणाला लागणार नाही अशी एकच गोष्ट त्याच्याजवळ होती, ती त्याने देऊन टाकली. भाच्याचा फळा भरावा म्हणून.

कुलदीप अडखळला होता. क्रांतीला म्हणाला होता, "हाक बंद कशी करायची? पण मामाने आपणहून दिलीय, आणि टीमने दिलेलं खोडायचं न्हाय असं शिकवलंय." दिवा लागला. फळ्याचा फोटो गेला. मुंबईहून अंगठा आला, शाबासकी आली. कंपनीच्या माणसाने शिवदासचा दिव्याशेजारी उभा फोटो काढला. त्या दिवशी त्याने केसांना तेल लावून भांग पाडला होता. मैनाने तो फोटो अजून फोनच्या पडद्यावर दर्शनी ठेवलाय, आणि पाय मोडल्यापासून तो काढायची तिला हिंमत होत नाही.

५. अपघाताचा दिवस. होड्यांची घाई, बाहेर ऊन, आत बर्फाची वाफ. शिवदासने खटका दाबला, वर हिरवा दिवा पेटला. तेवढ्यात त्याच्या हातातला आकडा निसटून घसरगुंडीच्या तोंडाशी पडला आणि तो घ्यायला शिवदास वाकला.

इथं अर्जदार आपल्याला एकच गोष्ट समजून घ्यायची विनंती करते. हाक ही मारली की संपते. लादी सोडायची तर पुन्हा मारावी लागते, आणि जो खाली वाकलाय तो हाक देत नाही. दिवा मात्र एकदा पेटला की पेटलेलाच. माणूस वाकला, पडला, घरी गेला, तरी दिवा म्हणतो, सोड. वरच्याने दिवा बघितला आणि लादी सोडली. त्याच्याकडे काहीही दोष नाही.

कुलदीपने मामाला वाकलेलं बघितलं. आधीचा कुलदीप असता तर नुसतं "मामाऽ" एवढंच गेलं असतं आणि शिवदास दचकून जो उडाला असता तो थेट उरणला, कंटेनरच्या ढिगावर उतरला असता. पण सहा महिने त्याने आपल्या तोंडाला नवं वळण लावलं होतं. त्याच्या तोंडून निघालं ते असं, "मामा, तू वाकलायस ती जागा तुला बरोबर वाटते का?"

लादी प्रश्नाच्या आधी पोचली.

हे वाक्य अर्जदाराने तिखटमीठ लावून रचलेलं नाही. शेडमधल्या सगळ्यांनी ते ऐकलं. ऐकलं नाही फक्त ज्याला विचारलं त्याने, कारण तो तोवर ओरडत होता. घोट्याची दोन्ही हाडं गेली. अलिबागला डॉक्टर म्हणाले, चालेल, पण आकडा घेऊन ओल्या फळीवर उभं राहायचं नाही. म्हणजे बर्फाचं काम संपलं.

मैना त्या दिवसापासून कुलदीपला ताट वाढते, पण बोलत नाही. ताट ठेवताना आवाज करते.

६. त्यानंतर नोटीस आली. तीत म्हटलंय की, "धोका समोर दिसत असतानाही आपण निष्क्रिय उभे राहिलात." निष्क्रिय म्हणजे काय ते क्रांतीने सांगितलं. चौकशीपर्यंत कामावर यायचं नाही, हेही तीतच आहे. कुलदीपने नोटीस वाचली, घडी घातली आणि म्हणाला, "बरोबर हाय." तेव्हापासून तो कोणालाही काही विचारत नाही आणि काही सांगतही नाही. परवा अंगणात गुरं शिरली, मेथी खाऊन गेली, हा बघत बसला. हाकलायला तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं.

हेतल मॅडम पायाचं ऐकून आपणहून घरी आल्या. शिवदासच्या उशाशी बसल्या. मग पडवीत येऊन त्यांनी कुलदीपला विचारलं, "पण शेवटच्या भागात हेच तर सांगितलं होतं ना?" कुलदीप म्हणाला, "कुठला शेवटचा भाग?"

तेव्हा उलगडा झाला. रेवसच्या धक्क्याला गाळ आहे, ओहोटीला लाँच लागत नाही, हे इथं शेंबड्या पोराला माहीत. शिकवणीच्या शेवटच्या दिवशी पाणी दुपारीच उतरणार होतं. मॅडमनी स्वतःच घड्याळ बघून सांगितलं, "रेवसवाले, तुम्ही निघा, तुमचं पाणी जाईल. थोडंच राहिलंय." प्रमाणपत्रं सकाळीच वाटून झाली होती. कुलदीप भाऊच्या धक्क्यावर धावत गेला आणि लाँच धरली. जे थोडंच राहिलं होतं, ते मॅडमनी अर्जदाराच्या पडवीत बसून सांगितलं. एक असं की, कोणतीही जुनी रीत काढून टाकण्याआधी ती रीत कशाला धरून ठेवत होती ते शोधायचं. आणि दुसरं, जिथं जिवाशी गाठ आहे तिथं प्रश्न बंद, सरळ हुकूम, आणि तोही मोठ्याने.

सांगता सांगता बाई रडायला लागली. मैनाने तिला पाणी दिलं. कुलदीप उठून माडाच्या वाडीत निघून गेला. मॅडम जाताना म्हणाल्या, "आजी, मला चौकशीला बोलावलं तर मी हे सांगीन." त्यांना बोलावलेलं नाही असं समजतं.

७. आता मूळ तक्रार. वरच्या सगळ्यामुळे कोणाला वाटेल की कुलदीप सोमवारी हे सांगून सुटेल. नाही साहेब. तो सांगणार नाही.

क्रांतीने हा परिच्छेद लिहायला आधी नकार दिला. नवऱ्याने तिला एकटीला सांगितलेलं हे आहे. अर्जदार म्हणाली, "मग तू मना कशाला सांगितलंस?" ती म्हणाली, "कारण मला एकटीला ते पेलत नव्हतं." मग डोळे पुसून तिने पेन उचललं.

कुलदीप आपल्यासमोर असं सांगणार आहे की, दिव्याची कल्पना माझीच. मामाला मी जबरदस्तीने चिठ्ठी लिहायला लावली. आणि नोटिशीत म्हटलंय तसाच मी गप्प उभा होतो. का, तर खरं सांगितलं तर चिठ्ठी मामाची हे उघडं होईल. मग कंपनी म्हणेल, ज्याने सुचवलं त्याचाच पाय मोडला, तर आमचं काय देणं लागतं? मामाचं औषधपाणी आणि कंपनी देणार असलेलं बसून करायचं हलकं काम, दोन्ही जाईल. म्हणून जागा सोडून द्यायची असं त्याने ठरवलंय.

आणि आतल्या खोलीत शिवदासने दुसरंच ठरवलंय. तो कुबडीवर आपल्या कचेरीत येणार आणि सांगणार की भाचा चांगला ओरडला होता, मलाच ऐकू आलं नाही, मी बेसावध. त्याची तालीम चालू असते. बोलायची बंद झालेली ती मैना खाटेच्या पायथ्याशी साहेब होऊन बसते.

"नाव?"

"शिवदास बाळाजी थळे."

"भाचा ओरडला होता का?"

"व्हय साहेब. चांगला मोठ्यानं."

"काय ओरडला?"

इथं शिवदास अडकला. मैना म्हणाली, "अवो, काय ओरडला ते तरी ठरवा आधी. थाप मारायला निघालेत! आईवर न्हाय गेलात."

"तू भाच्याशी बोलत न्हायस आणि त्याच्यासाठी मना शिकवतेस?"

"मी त्याच्यावर रागावलेय. त्याची भाकरी काढून घ्यायला न्हाय निघाले."

अर्जदार दाराआड होती. चोरून ऐकणं चांगलं नाही हे तिला मान्य आहे, पण मधल्या घरात राहणाऱ्याला दुसरं काय ऐकू येणार? त्याच संध्याकाळी मामाने पडवीकडे तोंड करून हाक घातली, "कुलदीप, सोमवारी तू तोंड उघडू नको, मी बघतो." पडवीतून इतक्या दिवसांत पहिल्यांदा मामाला उत्तर आलं, "मामा, तू येऊच नको." "मी येणार." "मग मी सांगीन तुला ताप हाय." "मी सांगीन तुला अक्कल न्हाय."

म्हणून महोदय, सोमवारी आपल्यासमोर दोन माणसं खोटं बोलणार आहेत. भाचा म्हणेल मी गप्प होतो, मामा म्हणेल तो ओरडला होता. अर्जदाराने उभा जन्म थापा मारण्यात घालवला. खाडीतला मासा तिच्याकडे उधार मागायला आला होता इथपर्यंत तिने लोकांना पटवून दिलंय. पण आपलं नसलेलं आपल्या अंगावर ओढून घ्यायची थाप तिला कधी मारता आली नाही. ही दोघं ती पहिल्याच खेपेला मारणार आहेत, आणि साहेब, इतकी कच्ची मारणार आहेत की आपल्याला ती खरीच वाटेल. आपण एकाचं मानाल. ज्याचं मानाल त्याची भाकरी जाईल, आणि ज्याचं मानणार नाही तो उरलेला जन्म या पडवीत बसून काढील.

८. सबब, नम्र विनंती अशी की,

(अ) दोघांचाही कबुलीजबाब लिहून घेऊ नये. घेतलाच तर दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचावेत.

(आ) हेतल मॅडमना बोलवावं आणि सकाळी काय शिकवलं, दुपारसाठी काय राहिलं, हे दोनच प्रश्न विचारावेत. हुकूम केला तरी चालेल.

(इ) राहिलेली दुपार रेवसला येऊन शिकवावी, म्हणजे कोणाला पाण्याकडे बघत उठावं लागणार नाही. जागा म्हणून अर्जदाराचं अंगण आहे. उरणचे सुपरवायझरही त्याच घाईत निघाले होते असं कळतं, तेव्हा त्यांनाही बोलवावं. त्यांच्याकडे अजून काही मोडलेलं नाही एवढंच.

(ई) फळा ठेवायचा असेल तर ठेवावा, पण भावकीच्या कामात चिठ्ठीखाली नाव मागू नये. नाव काढलंत तर आमची माणसं इतकं सुचवतील की आपल्याला फळा कमी पडेल.

(उ) शिवदासची चिठ्ठी ही त्याचा गुन्हा धरू नये. सुधारणा मागितली म्हणून त्याने दिली.

(ऊ) नोटिशीतला "निष्क्रिय" हा शब्द खोडावा. कुलदीप निष्क्रिय नव्हता. तो विचारत होता. तसं त्याला आपणच शिकवलं होतं, आणि तो मन लावून शिकला होता.

शेवटी एक बारीक आणि कंटाळवाणी गोष्ट, म्हणजे खरी. शेडमधल्या माणसांनी हिरव्या दिव्याची वायर काढून टाकली आहे. कोणाला विचारलं नाही, फळ्यावर लिहिलं नाही. पुन्हा हाक सुरू झाली. आमची वाडी कारखान्याच्या मागेच, त्यामुळे सगळं ऐकू येतं. खालून "सोऽड" अशी हाक आली की पडवीत बसलेला कुलदीप श्वास धरतो. वरून "आलीऽ" अशी ओ आली की सोडतो. पुन्हा हाक, पुन्हा धरतो. सकाळपासून होड्या भरेपर्यंत त्याचं हेच चाललेलं असतं, हातातला चहा थंड होतो. काल मध्येच एकदा हाक आली आणि ओ आलीच नाही. वरचा माणूस तंबाखू मळत होता एवढंच. पण कुलदीप पायात चप्पल न घालता कुंपणापर्यंत धावला आणि ओरडला, "वर कोण हाय? ओ द्या!" कावळे उडाले की नाही ते अर्जदाराने बघितलं नाही. तिचं लक्ष आतल्या खोलीकडे होतं. तिथून शिवदास कुबडी आपटत म्हणत होता, "आये, ऐकलंस? ऐकलंस?"

कुलदीपची जागा सोमवारी कोणाला द्यायची ते आपण ठरवावं. एवढंच ध्यानात असावं की, ती ओ आली नाही हे त्या अख्ख्या कारखान्यात कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

आपली नम्र, आणि सोमवारी कचेरीच्या दाराशी येऊन बसणारी,

(सही) गोदू बाळाजी थळे
रेवस, दि. १४ मे २०२५

सोबत :
१. शिवदासच्या घोट्याच्या एक्स-रेची झेरॉक्स.
२. कुलदीपचं प्रशिक्षण पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र.